फटफटीचा सूर

मालवणात खोली भाड्यानं मागायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मासे खाता का हेसुद्धा विचारलं नाही. पडवीत उभं करून म्हणाले, "बाई, एक सूर लावा."

"कसला सूर?"

"खंयचोय. तोंड उघडा आणि आ करा."

मी कऱ्हाडची, बँकेत बदली होऊन आलेली. लॉजच्या गादीनं पाठीचं पार भुस्कट केलं होतं. एवढ्या-तेवढ्यासाठी खोली हातची जायला नको, म्हणून केला बाई आ. म्हातारबुवा डोळे मिटून ऐकत राहिले. मग आत गेले आणि किल्ली घेऊन आले.

"रूम दिली. फकत आमच्या कॉयरात कधी येव नकात. देव बरें करूं."

इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, गाणाऱ्या ताफ्याचे, कॉयरचे, ते मास्तर. जन्मभर शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी मुंबईला. सगळं मालवण त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. दारावर नावाची पाटी होती म्हणा, पण येता-जाता तिच्यावर ग्रीसचे हात लागून ती काळी ठिक्कर पडली होती.

आता गाण्याच्या मास्तरांच्या हाताला ग्रीस कुठून? तर हॉलमधून. जिथं चारचौघं सोफा ठेवतात तिथं, येशूच्या तसबिरीखाली, मास्तरांची मोटरसायकल होती. म्हणजे तिचा सांगाडा होता. चाकं खिडकीत, हँडल छत्रीच्या खुंटीला, पेट्रोलची टाकी टीव्हीवर, आणि उरलेली गाडी जेवायच्या टेबलावर वाट्यांमधून मांडलेली. कुठली वाटी इंजिनाची आणि कुठली आमटीची हे कळायला मला बरेच दिवस लागले. एकदा माझ्या सोलकढीत नट निघाला. मी किंचाळले, तर मास्तर उलट हरखून नटालाच विचारतायत, "खंय होतंस रे तू? तुका सोदून सोदून मेलंय!"

गाडी त्यांच्या लग्नातली. मास्तर लांबच्या गावी शाळेत होते, तेव्हा रोज संध्याकाळी तिच्यावरून घरी यायचे. वळणावर गाडी हळू झाली आणि तिची संथ फटफट ऐकू आली की बायको माशाची कढी चुलीवर चढवायची. मास्तर हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत कढीला उकळी. मग बायको गेली, आणि त्यानंतर मास्तरांना ती गाडी चालवावीशी वाटेना. ती मागच्या मांगरात, अडगळीच्या खोपटात, गेली आणि खारं वारं खात गंजत राहिली. हे मला त्यांनी सांगितलं ते प्लग पुसता पुसता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं.

मांगरातून ती बाहेर निघाली त्याला कारण झाले मास्तरांचे कान. कान चालले होते. खालचे, जाड आवाज यायचे. बारीक, उंच आवाज येईनात. फोनची रिंग येत नव्हती, सायकलची घंटी येत नव्हती. कुकरची शिट्टी न ऐकू आल्यामुळे डाळीचा कोळसा आणि कुकरची तोफ झाली, तिचं झाकण अजून माडावर कुठंतरी असेल. ते मी त्यांच्या मुलीला सांगितलं आणि तिनं व्हिडिओ कॉल लावला. फोन धरायला मी.

"पपा, तुका आयकाक येणा नाय. हंय एकटो रव नको. माझ्याकडे ये. आठवो मजलो आसा, लिफ्ट आसा."

"आणि थंय मी काय करू? लिफ्टीतसून वर-खाली?"

"काय झाला म्हणजे तुका? कोणी दार ठोठावला तरी कळणा नाय!"

मास्तर खवळले. टेबलावरची एक वाटी उचलून त्यांनी फोनसमोर धरली. "ह्यां बघ. नाताळाक तू येतंस मा? तू कुडाळाक ट्रेनीतसून उतरतलंस, तेव्हां मी फलाटार उभो आसतलंय. ह्या आपल्या फटफटयेर बसान येवन! इलंय, तर मी मरासर हंयच रवतलंय. पोचलंय नाय, तर गप तुझ्यावांगडा मुंबयक."

मुलीनं वाटीकडे पाहिलं. वाटीत दोन वॉशर आणि एक स्प्रिंग होती. ती हसली आणि म्हणाली, "कबूल." मग माझ्याशी शुद्ध मराठीत, "मॅडम, तुम्ही साक्षीदार हं."

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

मास्तरांची गाडी दुरुस्त करायची तऱ्हा बघून एखाद्या मेकॅनिकनं संन्यास घेतला असता. इंजिनात काय बिघडलंय हे ऐकायला ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे आणि त्याची मूठ दातांत धरायचे. मी पहिल्यांदा ते ध्यान पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा भुकेनं गाडी खायला लागला. तोंडातला स्क्रू ड्रायव्हर न काढता म्हणाले, "देवान कान दिले दोन, पण दात दिले बत्तीस. कित्याक दिल्यान, सांगा?" बत्तीसमधले निम्मेही उरले नव्हते, पण तेवढे पुरत असावेत. "सूर हाडांत आसता, बाई. कान म्हणजे नुसती दारां."

टाकी आतून गंजून लाल झाली होती. परसात बिंबलाचं झाड होतं. बिंबलं म्हणजे काय आंबट, नुसती बघितली तरी कानशिलं दुखतात. मास्तरांनी ती पाटीभर ठेचली, टाकीत कोंबली, वर मूठभर गोटे टाकले आणि टाकी हलवायला बसले. दहा मिनिटांत खांदे गेले. तेवढ्यात शेजारचा बाबल आला. बाबलची मासेमारीची होडी, आणि सल्ला द्यायला तो सदा तयार.

"मास्तरांनु, तुमी कित्याक घोळतास? माझ्या होडयेक बांधा. दर्या फुकट घोळता!"

आणि खरंच बांधली हो! मोटरसायकलची टाकी होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, बांधून बाबल बांगड्यांना जायचा आणि भरल्या टोपल्यांबरोबर टाकी परत आणायचा. बंदरावर बायका विचारायच्या, "ह्यां काय गावला रे जाळ्यात?" तीनचार फेऱ्यांत टाकी आतून लखलखीत झाली. बांगड्याचा वास तेवढा राहिला, तो पेट्रोलनं मारला.

पण बाबलच्या पुढच्या सल्ल्यानं घात केला. गाडी एव्हाना जुळून दोन चाकांवर उभी होती, इंजिन मात्र अजून बोलत नव्हतं. मास्तरांना घोर लागला की एवढं घासूनपुसून काढलेलं लोखंड खाऱ्या हवेनं पुन्हा गंजणार. बाबल म्हणाला, "आमी होडयेक काय लावतो? माशाचा तेल! वर्सान् वर्सां लाकूड कुजणा नाय." मास्तरांनी बुधलाभर तेल आणलं आणि मडगार्डपासून स्पोकपर्यंत गाडीला अभ्यंग घातलं. गाडी काय चकाकली म्हणून सांगू! मी नाक धरून माडीवर पळाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. फादरकडून गाडीला आशीर्वाद घ्यायचा होता, म्हणून मास्तर कोट घालून, गाडी हातानं ढकलत इगर्जीकडे निघाले. वळणावर एक मांजर मागं लागलं. बाजाराच्या कोपऱ्यावर आणखी पाच. मग मासळीवाल्या बायकांच्या पायांतली, हॉटेलांमागची, कौलांवरची, गाभणी, लंगडी, एका डोळ्याची, गावातली झाडून सगळी मांजरं शेपट्या वर करून मास्तरांच्या मागं. मास्तरांना म्याव ऐकू येत नाही, ते आपले ताठ मानेनं चाललेत! इगर्जीच्या दारात गाडी उभी केली, तर तीन सीटवर चढली आणि एक टाकी चाटायला लागलं. फादर पवित्र पाणी घेऊन बाहेर आले, त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"मास्तर, हीं लोकां खंयच्या इगर्जीचीं?"

मी त्या दिवशी हसून हसून पायरीवर बसले ती उठेना. बाबल मात्र गंभीर. म्हणतो, "तेल मात अस्सल होता." पुढचे चार दिवस आम्ही गाडीला शिकेकाईनं न्हाऊ घालत होतो, आणि मांजरं कुंपणावर बसून शिव्या देत होती.

इंजिन चालू झालं ते दिवाळीनंतर. किकवर किक मारून मास्तरांचा पाय सुजला होता, तेव्हा एकदाची ती खोकली, धूर ओकली आणि धडधडायला लागली. मला वाटलं, झालं, सुटलो! पण मास्तरांनी डोकं हलवलं. "ही ती नाय. सूर खंय आसा हिच्यात?"

उभी असताना गाडी ज्या संथ आवाजात धडधडते, तो आवाज त्यांना पूर्वी होता तसाच हवा होता. बायको जो ऐकून कढी ठेवायची, तोच. कार्बोरेटरचा एक छोटा स्क्रू पिळून तो जमवायचा असतो, एरवी ते दोन मिनिटांचं काम. मास्तरांनी त्यासाठी कॉयर बोलावला. नाताळची गाणी तोंडावर आली होती, पण तालीम कसली? व्हायोलिनवर त्यांनी जाड तारेचा एक सूर काढून दिला आणि सगळ्यांना म्हणाले, "हो सूर धरा. सोडू नकात." बारीक आवाजाच्या बायकांना खाली बसवलं, जाड आवाजाचे पुरुष उभे केले. त्यात एक पाववाला होता, ढोलासारखा आवाज आणि तसंच पोट. त्याला मास्तरांनी आपल्या पाठीला पाठ लावून उभं केलं. पाववाला घुमतोय, त्याचा सूर मास्तरांच्या पाठीतून आत जातोय, दातात स्क्रू ड्रायव्हर, त्यातून इंजिनाचा सूर डोक्यात येतोय, आणि हात दुसऱ्या स्क्रू ड्रायव्हरनं स्क्रू पिळतोय. दोन्ही सूर हाडांत एकमेकांना भेटले पाहिजेत.

मी पण एकदा हौसेनं घुमायला लागले. मास्तरांनी वळूनसुद्धा न बघता सांगितलं, "बाई, चाय करा."

रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. कॉयर घुमतोय, मी चहा करतेय. एका संध्याकाळी मास्तरांचा हात थांबला. इंजिन असं काही संथ, गोल बोलत होतं की बोलायची सोय नाही. मास्तरांनी दातातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि नुसते उभे राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मीही रडले. धुरानं, असं सांगितलं. पण खोटं कशाला बोलू? मला तो माणूस फार आवडायला लागला होता, आणि तो आठव्या मजल्यावर जाऊन बसला तर मला त्या घरात करमणार नव्हतं.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. मी मागं बसणार होते. मास्तरांना हॉर्न ऐकू येत नाही, तर त्यांचे कान व्हायचं काम माझं. मागून ट्रक आला की उजव्या खांद्यावर थाप, दोन्ही खांद्यांवर थाप पडली की ब्रेक. मांडीवर धरायला त्यांनी मला व्हायोलिनची पेटी दिली. "बायच्या स्वागताक वाजवतलंय," म्हणाले. बाय म्हणजे त्यांची लेक. हौस एकेकाची!

कॉयर आला होता, शेजारीपाजारी आले होते. बाबलनं नारळ आणला होता आणि अडसर एकच होता, की गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घातल्याशिवाय तो गाडी हलू देईना. फाटकात उभा राहून, हात जोडून त्यानं सूर लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा कॉयर ओरडला. त्यांच्यात मास्तरांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आज आमच्या मास्तरान जी काय ही फटफटी रस्त्यार काढूची म्हणान मांडलेली आसा, ती कुडाळाक सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत खंय अडली-नडली, तर तिका मार्गाक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि मांजरां-कुत्रीं मागे लागतीत, तेंका दर्यावरच्या मासळयेच्या रापणीवर धाडून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मास्तरांनी छातीवर क्रूस काढला, किक मारली, आणि आम्ही निघालो. काय सांगू, मला लहान पोरीसारखं हसू येत होतं! कुंभारमाठाचा चढ गाडी खणखणीत चढली. चौके गावापाशी मला शिंक आली, तोल सावरायला मी दोन्ही खांदे धरले, तर मास्तरांनी रस्त्याच्या मधोमध करकचून ब्रेक लावला. मागच्या टेम्पोवाल्यानं आमचा जो उद्धार केला तो त्यांना ऐकू आला नाही, मला सगळा ऐकावा लागला. "काय म्हणता तो?" "हॅपी ख्रिसमस म्हणतोय. चला!"

धामापूरच्या अलीकडे गाडी दोनदा उचकी लागल्यासारखी अडखळली आणि थांबली. आजूबाजूला माड, सुपारी आणि शुकशुकाट. मास्तरांनी कार्बोरेटर खोलला. पेट्रोल जायच्या त्या सुईएवढ्या भोकात बिंबलाचं साल अडकलं होतं. दर्यानं टाकी घोळली होती, पण एक साल लपून राहिलं होतं.

साल निघालं, गाडी पुन्हा चालू झाली, पण कार्बोरेटर खोलताना तो स्क्रू फिरला होता. मास्तरांनी हँडलच्या मुठीवरचा हात सोडला की इंजिन धापा टाकून बंद. पुन्हा किक, पुन्हा बंद. स्क्रू ड्रायव्हर एकच आणलेला, तो दातात धरला तर पिळायचं कशानं? इथं ना पाववाला ना कॉयर. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. ते काकुळतीनं म्हणाले, "सूर हरवलो, बाई. माझ्या डोक्यातसून गेलो."

"व्हायोलिन आहे की! काढा आणि वाजवा."

त्यांनी पेटीवर हात ठेवला. "ती उघडूची नाय."

"अहो, पण का?"

"नाय म्हटलंय मा!"

पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. ट्रेनची वेळ होत आली होती. मला राग आला, रडू आलं, आणि मग काय सुचलं कोण जाणे. मी पेटी गवतात ठेवली, गाडीपाशी उकिडव्या बसलेल्या मास्तरांच्या मागं गुडघे टेकले, त्यांच्या पाठीला कपाळ लावलं आणि घुमायला लागले. चहा करता करता रोज ऐकलेला तो सूर. बरोबर की चूक, मला काय कळतंय? पण चहाच्या प्रत्येक घोटाबरोबर तो माझ्याही हाडांत गेला असणार. मास्तर ताठ झाले. मला वाटलं, आता म्हणतील, बाई, चाय करा. पण त्यांनी गुडघा गाडीला टेकवला आणि स्क्रू पिळायला घेतला. श्वास संपला की मी घेत होते आणि पुन्हा लावत होते. एक बाई बकऱ्या घेऊन चालली होती, ती बकऱ्या सोडून आम्हाला बघत उभी राहिली. आणि मग इंजिनाची धाप थांबली. तो संथ, गोल आवाज परत आला, माझ्या कपाळाखाली, त्यांच्या पाठीत.

"बसा!" मास्तर ओरडले.

नेरूरपारचा पूल आम्ही कसा ओलांडला ते त्या बाबलच्या देवालाच ठाऊक. पण कुडाळ स्टेशनच्या आवारात शिरलो, तेव्हा रिक्षा भरून बाहेर निघत होत्या. ट्रेन येऊन गेली होती. दाराशी सुटकेसवर मुलगी एकटीच बसलेली.

मास्तर गाडीवरून उतरले. इंजिन तसंच चालू. माझ्या हातातून पेटी घेतली आणि मुलीसमोर जाऊन उघडली. आत व्हायोलिन नव्हतं. दोन शर्ट, एक पँट, रोजारीची माळ आणि बायकोचा फोटो. बॅग हातात दिसली तर गाव विचारणार, म्हणून पेटीत भरलेलं.

"हरलंय, बाय. फलाटार पोचाक नाय. चल, तिकीट काढ. वायोलिन घरा ठेवलंय. थंय तेका आयकतलो कोण?"

म्हणजे अख्खा रस्ताभर मी त्यांची मुंबई मांडीवर घेऊन बसले होते.

मुलगी त्यांच्याकडे बघतच नव्हती. उभ्या गाडीकडे बघत होती. जवळ गेली, तापलेल्या टाकीवर तळवा ठेवला आणि तो सूर हळूच गुणगुणायला लागली. न चुकता, पहिल्याच फटक्यात, लहानपणी रोज संध्याकाळी ऐकलेला.

"स्टेशनाच्या वळणार आयकलंय मी, पपा," ती म्हणाली. "माका वाटला, ममी आता कढी ठेवतली."

मास्तरांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. तिनं पेटी मिटली, माझ्या हातात दिली, सुटकेसही माझ्याकडे सरकवली आणि मागच्या सीटवर बसून बापाच्या पाठीला गाल लावला.

"चल घरा. आणि फुडल्या येळाक उशीर केलंस तर बघ!"

हे मात्र मास्तरांना लख्ख ऐकू आलं. "फुडल्या येळाक?" त्यांनी विचारलं. "म्हणजे मी हंयच?"

"मगे खंय? गाडी लिफ्टीत मावणा नाय."

मास्तरांनी गियर टाकला. निघता निघता मान वळवून मला म्हणाले, "बाई, रातच्या मिसाक, नाताळाच्या प्रार्थनेक, कॉयरात येवा. मागल्या रांगेत, पाववाल्याच्या बाजूक."

आणि फटफटत गेले की! साक्षीदाराला सुटकेस आणि शर्टांची पेटी देऊन स्टेशनवर टाकून! मी दोन्ही ओझी ओढत मालवणची एसटी पकडली, खिडकीशी बसले, पेटी मांडीवर घेतली आणि सूर लावला. धामापूर येईपर्यंत सोडला नाही.

कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि काळजीनं वाकून बघायला लागला. "बाई, पोटात दुखता काय तुमच्या?"

"नाही ओ," मी म्हटलं, "तालीम चाललीय. रात्री कॉयर आहे माझा."